मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश : वसाहतकालीन ज्ञानव्यवहार आणि त्याचा वारसा

१

ब्रिटिश आणि भारतीय यांच्या सांस्कृतिक संबंधांचा विचार मराठीच्या संदर्भात करू लागले की दोन परस्परविरोधी भूमिका पुढे येतात. पहिली भूमिका कृतज्ञतेची. मुद्रणकला, व्याकरण, कोश, पाठ्यपुस्तके, विरामचिन्हे आणि नियतकालिके या साऱ्यांची मराठीतील सुरुवात अव्वल इंग्रजीच्या काळात झाली. म्हणून अर्वाचीन मराठी गद्य हे इंग्रजी राजवटीचे देणे आहे, असे ही भूमिका मानते. दुसरी भूमिका संशयाची. परकी सत्तेने एतद्देशीयांची भाषा शिकली ती राज्य चालविण्यासाठी. तिच्या ज्ञानसाधनेचा हेतूच मुळात सत्तेचा होता. म्हणून त्या काळातील कोश-व्याकरणांकडे सत्तेची हत्यारे म्हणूनच पाहिले पाहिजे, असे ती सांगते. एडवर्ड सैद यांचा प्राच्यविद्याविषयक ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून आणि बर्नार्ड कोह्न यांनी भाषेवरील प्रभुत्व व प्रभुत्वाची भाषा यांचे नाते उलगडून दाखविल्यापासून विद्यापीठीय वर्तुळात या दुसऱ्या भूमिकेला विशेष बळ मिळाले.

दोन्ही भूमिकांत तथ्यांश आहे. परंतु दोहोंत एक समान उणीवही आहे. दोन्ही भूमिका इंग्रज माणसालाच कर्ता समजतात. एकीत तो दाता असतो, दुसरीत जेता. मराठी माणूस मात्र दोन्हींकडे केवळ घेणारा किंवा सोसणारा राहतो. हे चित्र कितपत खरे आहे, हे ठरवायचे तर एखादी ठोस कृती समोर ठेवून ती कशी सिद्ध झाली, कोणी सिद्ध केली आणि पुढे तिचे काय झाले, हे तपासले पाहिजे. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी आवृत्ती १८५७) ही अशी कृती आहे. मराठीच्या प्रत्येक अभ्यासकाने तो कधी ना कधी हाताळलेला असतो. पण शब्द पाहून झाला की तो मिटला जातो. तो कोश एक ग्रंथ म्हणून, एक ऐतिहासिक घटना म्हणून क्वचितच वाचला जातो.

२

या कोशामागील गरज राजकीय होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला आणि विस्तीर्ण मराठी मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात आला. जमाबंदी, न्यायनिवाडा, इनामांची चौकशी, फौजेचा बंदोबस्त ही सारी कामे ज्या भाषेत चालत होती ती भाषा नव्या राज्यकर्त्यांना येणे भाग होते. केवळ दुभाषांवर विसंबून राज्य करणे धोक्याचे असते, हा अनुभव कंपनीच्या गाठी बंगालमध्ये जमा झालेला होता.

मराठीचे मुद्रित कोश तोवर नव्हतेच असे नाही. श्रीरामपूरचे बाप्टिस्ट मिशनरी आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातील अध्यापक विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला होता. व्याकरणातील मराठी मजकूर देवनागरीत, तर कोशातील शब्द मोडी लिपीत छापलेले होते, ही गोष्ट लिपीच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. केरी यांना मराठीच्या कामात वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. परंतु मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर बसून, मोजक्या जाणकारांच्या आधाराने केलेल्या या कामाला मर्यादा पडणे अपरिहार्य होते. १८२४ मध्ये व्हान्स केनेडी यांचा कोश मुंबईत निघाला. तोही अपुराच वाटला. बोलीत, बाजारात, शेतात आणि कचेरीत वावरणारी मराठी या दोन्ही कोशांच्या बाहेर मोठ्या प्रमाणात शिल्लक होती.

मुंबई इलाख्यातील शिक्षणविषयक धोरणाची पार्श्वभूमीही येथे लक्षात घ्यावी लागते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत देशी भाषांतून शालेय पुस्तके तयार करण्याच्या कार्याला सरकारी आश्रय मिळाला आणि १८२२ मध्ये त्यासाठी स्थापन झालेली संस्था पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्यास १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू करण्यात आली. १८३५ मध्ये मेकॉले यांच्या टिपणाने इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार केला; तोवर मुंबई इलाख्यात देशी भाषांतून शिक्षण देण्याच्या विचाराने चांगलेच मूळ धरलेले होते. मराठीचा मोठा कोश सरकारी खर्चाने व्हावा ही कल्पना या वातावरणात रुजली. राज्यकारभाराची सोय आणि लोकशिक्षणाची आस्था असे दोन हेतू तिच्यात एकत्र आले होते. ते हेतू परस्परांपासून वेगळे काढून दाखविणे इतिहासकाराला सोपे नाही. ज्यांनी हे काम केले त्यांनाही ते सोपे गेले नसावे.

३

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ चा. १८१२ मध्ये, म्हणजे मिसरूडही नीट फुटलेले नसताना, ते कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले. सैनिकी नोकरीत असतानाच त्यांनी मराठी आत्मसात केली आणि शब्दसंग्रहाला प्रारंभ केला. सरकारने या कामाची दखल घेऊन त्यांना कोशासाठी मोकळीक दिली. जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे बंधू त्यांचे साहाय्यक झाले. १८३१ मध्ये कोशाची पहिली आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध झाली. पुढे धर्मश्रद्धेच्या कारणाने मोल्सवर्थ यांनी लष्करी पेशा सोडला. मध्यंतरी ते मायदेशी परतले होते. परंतु कोशाच्या सुधारणेसाठी १८५१ मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात आले आणि १८५७ मध्ये सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती सिद्ध झाली. १८७१ मध्ये त्यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. एका माणसाने परक्या भाषेच्या शब्दांसाठी आयुष्याचा एवढा भाग वेचावा, ही गोष्ट केवळ प्रशासकीय गरजेच्या हिशोबात बसत नाही. दंडाधिकाऱ्याचे काम याच्या दशांश शब्दांत भागले असते.

दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून मोल्सवर्थ यांचे आणि साहाय्यक म्हणून कँडी बंधूंचे नाव आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी मराठी भाषेची घटना, प्रसार आणि उपयोग यांविषयी लिहिलेला निबंध आरंभी जोडलेला आहे. कोश सरकारसाठी छापल्याचा उल्लेखही तेथे आहे. मुखपृष्ठावर एकही मराठी नाव नाही.

वस्तुस्थिती मात्र अशी होती, की हा कोश ज्या शास्त्रीमंडळाच्या परिश्रमांवर उभा राहिला त्या मंडळाने स्वतःचा एक कोश याच सुमारास तयार केला होता. १८२९ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघालेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ हा तो ग्रंथ. ‘पंडिती कोश’ किंवा ‘शास्त्र्यांचा कोश’ या नावाने तो अभ्यासकांना परिचित आहे. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले प्रभृतींची नावे त्याच्याशी निगडित आहेत. मराठी शब्दांचा अर्थ मराठीतच सांगणारा हा पहिला महत्त्वाचा मुद्रित कोश. परशुरामपंत गोडबोले यांनी पुढे ‘नवनीत’ हे प्राचीन काव्याचे वेचे संपादून मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या घडविल्या, हे सर्वज्ञात आहे. म्हणजे मोल्सवर्थ यांच्यापुढे बसलेले हे शास्त्री केवळ शब्द पुरविणारे मदतनीस नव्हते. ते स्वतः कोशकार, संपादक आणि वैयाकरण होते. शब्द गोळा करणे, त्याचे मूळ सांगणे, अर्थाच्या छटा वेगळ्या काढणे, कोणता प्रयोग शिष्ट व कोणता ग्राम्य हे ठरविणे, ही कोशकार्यातील मूलभूत कामे त्यांच्या भाषाज्ञानावाचून होणे शक्यच नव्हते.

या दोन कोशांचा प्रवास किती भिन्न झाला हे पाहण्यासारखे आहे. १८२९ चा एकभाषी कोश दुर्मीळ झाला. तो ग्रंथालयांच्या जुन्या संग्रहांत शोधावा लागतो. १८३१ चा द्विभाषी कोश विस्तारला, सरकारी आश्रयाने पुन्हा छापला गेला आणि प्रमाणभूत ठरला. सत्तेचा परिणाम म्हणतात तो असा असतो. तो प्रत्येक वेळी खोटे लिहीत नाही. पुष्कळदा कोणते खरे टिकवावयाचे आणि कोणाच्या नावाने टिकवावयाचे एवढेच तो ठरवितो.

४

कोशाच्या अंतरंगाकडे वळले असता आणखी एक गुंतागुंत दिसते. केवळ जमाबंदीच्या कारकुनासाठी रचलेला हा ग्रंथ असता तर त्यात कर, हक्क, वतने आणि गुन्हे यांचीच परिभाषा प्रामुख्याने आली असती. ती आहेच. अरबी-फार्शी मुळाच्या शब्दांची फार मोठी संख्या मूळभाषेच्या निर्देशासह या कोशात नोंदलेली आहे. पेशवेकालीन कागदपत्रे वाचणाऱ्याला तो आजही त्यासाठीच उघडावा लागतो. परंतु त्याबरोबरच शेतीची अवजारे, झाडे-झुडपे, पाखरे, पक्वान्ने, दागिने, मुलांचे खेळ, शिव्या, म्हणी, व्रतवैकल्ये, देश आणि कोकण येथील प्रयोगभेद हेही सारे तेथे आहे. ‘पोट’, ‘हात’, ‘डोळा’ यांसारख्या साध्या शब्दांखाली वाक्प्रचारांच्या रांगाच्या रांगा लागलेल्या आहेत. पोटात घालणे म्हणजे अपराध क्षमा करणे, हे इंग्रज अधिकाऱ्याला कळून महसूल वाढणार नव्हता. तरीही ते नोंदले गेले. कारण ज्याला भाषेचे वेड लागते त्याला उपयोगाची मर्यादा पाळता येत नाही.

दुसऱ्या बाजूने या कोशाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. शास्त्रीमंडळ एका विशिष्ट वर्णाचे, एका विशिष्ट शिक्षणपरंपरेतील होते. कुणब्याचा, माळ्याचा, कोळ्याचा शब्द कोशात आला तो पुष्कळदा त्यांच्या कानांतून आणि त्यांच्या मूल्यकल्पनेतून गाळून आला. स्त्रियांच्या बोलण्यातील शब्दांची स्थितीही तशीच. जातिविषयक शब्दांच्या स्पष्टीकरणांत तत्कालीन उच्चवर्णीय दृष्टी आणि मिशनरी दृष्टी यांची सरमिसळ झालेली आढळते. दोन भिन्न प्रकारचे पूर्वग्रह एका नोंदीत सुखाने एकत्र नांदू शकतात, याचे हे उदाहरण होय. तेव्हा हा कोश इंग्रजांनी मराठीकडे कसे पाहिले एवढेच सांगत नाही. मराठी समाजातील एक वर्ग त्याच समाजातील इतरांकडे कसे पाहत होता तेही सांगतो. वसाहतवादाची चर्चा करताना हा दुसरा पदर विसरला, तर सारा दोष परक्यावर ढकलून मोकळे होण्याची सोय तेवढी होते.

लिपीच्या बाबतीतही हा कोश निर्णायक ठरला. केरी यांच्या कोशातील मोडी मागे पडली आणि बाळबोध लिपीतील वर्णानुक्रम ही मराठी कोशरचनेची रीत झाली. मोडीचा व्यवहार दप्तरांत आणि खाजगी लेखनात त्यानंतरही शंभर वर्षांहून अधिक काळ चालू राहिला. परंतु छापील विद्येची लिपी म्हणून बाळबोधीचे स्थान पक्के होण्यास ज्या ग्रंथांचा हातभार लागला त्यांत हा एक प्रमुख होय. टॉमस कँडी यांनी मोल्सवर्थ यांच्या कामाला जोड देऊन १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोश पूर्ण केला आणि १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिले. सरकारी भाषांतरकार म्हणून मराठी पाठ्यपुस्तके तपासण्याचा अधिकार कँडी यांच्याकडे दीर्घ काळ होता. मराठी माणसाचे मराठी शुद्ध की अशुद्ध हे एका इंग्रजाने ठरवावे, या स्थितीतील विसंगती स्वभाषेचा अभिमान जागा झालेल्या पुढच्या पिढीला बोचणे स्वाभाविक होते. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करताना विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी पहिला विषय घेतला तो मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीचा, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण ठरते.

५

१८५७ हे वर्ष मराठीच्या अभ्यासकाने स्वतंत्रपणे लक्षात ठेवावे असे आहे. उत्तरेत कंपनीच्या सत्तेविरुद्ध उठाव झाला त्याच वर्षी मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. याच बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप तयार केला. अवजड आणि महाग ग्रंथ शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय या संक्षेपाला द्यावे लागते. शास्त्र्यांनी जे शब्द इंग्रजाला सांगितले होते, ते आता एका मराठी लेखकाच्या हातून मराठी विद्यार्थ्याकडे परत येत होते, आणि या वेळी मुखपृष्ठावर त्या मराठी लेखकाचे नावही होते.

येथून कोशाच्या इतिहासाचे दुसरे पर्व सुरू होते. ज्या विद्यापीठाची स्थापना कोशाबरोबरच झाली, त्याच विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून १८६० च्या दशकात देशी भाषांना काढता पाय घ्यावा लागला. सरकारी खर्चाने मराठीचा महाकोश छापणारी राजवट मराठी ही उच्च शिक्षणाची भाषा मानावयास तयार नव्हती. शब्द जतन करणे आणि शब्दांना प्रतिष्ठा देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे. विद्यापीठात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घ काळ प्रयत्न केले. मराठीच्या विद्यापीठीय अभ्यासाची परंपरा त्या प्रयत्नांतून उभी राहिली. मोल्सवर्थचा कोश तिला साधन म्हणून उपलब्ध होता, आश्रय म्हणून नव्हे.

विसाव्या शतकात य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांचे सहकारी यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला (१९३२ ते १९३८, सात विभाग, पुरवणी विभाग १९५०). मोल्सवर्थच्या सामग्रीचा त्यांना मोठा उपयोग झाला. अशा रीतीने एकभाषी मराठी कोशाची १८२९ मध्ये सुरू झालेली परंपरा शंभर वर्षांनी, मधल्या द्विभाषी कोशाची शिदोरी घेऊन, पुन्हा मराठी हातांत आली. १९७५ मध्ये पुण्यास मोल्सवर्थच्या कोशाचे पुनर्मुद्रण झाले आणि पुढे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशप्रकल्पातून तो संगणकावर उपलब्ध झाला.

या कोशाचे आजचे मूल्य केवळ जुने शब्द सापडतात एवढ्यापुरते नाही. अर्थांतराच्या अभ्यासाचे ते अत्यंत विश्वसनीय साधन आहे. ‘साहित्य’ या शब्दाचेच पाहावे. मराठी विभागांच्या पाट्यांवर मिरवणाऱ्या या शब्दाचा मोल्सवर्थमधील प्रमुख अर्थ आहे सामग्री, साधने, एखादे कार्य सिद्धीस नेण्यास लागणाऱ्या वस्तू. स्वयंपाकाचे साहित्य, पूजेचे साहित्य हे प्रयोग त्या अर्थाचे आजचे अवशेष आहेत. ललित ग्रंथांचा समुच्चय या अर्थी त्या शब्दाची आजची प्रतिष्ठा नंतरच्या काळातील आहे. ‘समाज’ या शब्दाचीही गत अशीच. कोशात तो मुख्यतः सभा, जमाव या अर्थी येतो. सर्व माणसांना सामावून घेणारी एक अमूर्त संस्था ही कल्पना त्या शब्दावर पुढे आरूढ झाली. ज्या संकल्पनांच्या आधारे एकोणिसाव्या शतकाविषयी लिहिले जाते, त्या संकल्पना वाहणारे शब्द त्या शतकाच्या मध्यावर अजून तयार होत होते, ही जाणीव हा कोश करून देतो. हे ज्ञान पदव्युत्तर अभ्यासकाला दुसऱ्या कोणत्याही एका ग्रंथातून इतक्या सहज मिळत नाही.

६

आता या संबंधाच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे ब्रिटनकडे वळले पाहिजे. युल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा त्यांच्या आधारग्रंथांत मोल्सवर्थचा समावेश होता. मुंगूस हा मराठी शब्द इंग्रजीत रुळला, हे इंग्रजी कोशांनीच नोंदविलेले आहे. परंतु सर्वसामान्य ब्रिटिश वाचकाच्या स्मरणात मोल्सवर्थ यांना स्थान मिळाले नाही. ज्यांच्या भाषेसाठी त्यांनी आयुष्य वेचले त्यांच्या घरोघरी त्यांचे नाव राहिले आणि स्वतःच्या देशात ते जवळजवळ पुसले गेले.

विद्यापीठीय पातळीवर मात्र मराठीचा धागा सत्तांतरानंतरही तुटला नाही. लंडनच्या प्राच्य व आफ्रिकी अध्ययनसंस्थेत (स्थापना १९१६) मराठीचे अध्यापन व संशोधन दीर्घ काळ चालले. आय.सी.एस. अधिकारी म्हणून हिंदुस्थानात काम केलेले आल्फ्रेड मास्टर नंतर या संस्थेत अध्यापक झाले आणि त्यांचे जुन्या मराठीचे व्याकरण १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यानंतरच्या पिढीतील इयान रेसाईड यांनी श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’चा इंग्रजी अनुवाद केला (१९६८), मराठी कथांच्या अनुवादांचे पुस्तक सिद्ध केले (१९६६), पानिपतविषयक बखरवाङ्मय इंग्रजीत नेले (१९८४) आणि ‘गद्यराज’ या महानुभाव ग्रंथाचे संपादन-भाषांतर केले (१९८९). मोल्सवर्थ यांना मराठी शिकावी लागली ती नोकरीच्या निमित्ताने. रेसाईड यांच्यामागे राज्य नव्हते, पलटण नव्हती आणि जमाबंदीही नव्हती. सत्तेचा आधार गेल्यावर जी जिज्ञासा उरते तीच खरी, असे म्हणावयाचे झाल्यास या संबंधाचा कस १९४७ नंतरच लागला असे म्हणता येईल. ती जिज्ञासा थोड्या व्यक्तींपुरती उरली, हेही तितकेच खरे.

या संदर्भात एका सूचीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. इंडिया ऑफिस ग्रंथालयातील मराठी हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. हा संग्रह १९८२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या अधीन झाला. त्या सूचीच्या मुखपृष्ठावर ब्लुमहार्ट यांच्या बरोबरीने स. गं. कान्हेरे यांचे नाव आहे. १८३१ आणि १९५० या दोन मुखपृष्ठांमधील अंतर सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरचे. हस्तलिखिते लंडनमध्येच राहिली. पण ती वाचणाऱ्या मराठी माणसाचे नाव अखेर मुखपृष्ठावर आले. सांस्कृतिक संबंधांतील समतेचे मोजमाप मोठ्या घोषणांपेक्षा अशा लहान गोष्टींत अधिक अचूकपणे होते.

७

भूतकाळाचा ताबा कोणाकडे, हा प्रश्न अलीकडे एका वस्तूच्या निमित्ताने महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये महाराष्ट्रात आणली गेली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनार्थ ठेवण्यात आली. ती तीन वर्षांच्या मुदतीने, उसनवार म्हणून देण्यात आली होती. साताऱ्यास रेसिडेंट असलेले आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिणारे जेम्स ग्रँट डफ यांच्याशी त्या वाघनखांचा संबंध जोडलेला आहे; ती शिवछत्रपतींनीच वापरलेली होती काय, हे निश्चित करता येत नाही, असे त्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे. तरीही ती पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली. त्या गर्दीमागील भावना समजण्याजोगी आहे. जे नेले गेले ते डोळ्यांनी पाहता यावे, ही इच्छा शास्त्रीय पुराव्याची वाट पाहत नाही.

वस्तू आणि शब्द यांत एक मूलभूत भेद आहे. वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी असते. म्हणून तिच्याबाबत नेणे, परत करणे, उसने देणे ही क्रियापदे लागू पडतात. शब्दाचे तसे नाही. मोल्सवर्थ यांनी मराठीचे शब्द ‘नेले’ म्हणून ते येथे कमी झाले नाहीत. त्यामुळे कोशाच्या बाबतीत परतफेडीचा प्रश्न उद्भवत नाही; उद्भवतो तो श्रेयाचा. वाघनखे लंडनला परत करावी लागतील; परंतु क्रमवंत, फडके, गोडबोले आणि त्यांचे सहकारी यांचे श्रेय परत देण्यासाठी कोणाशी करार करण्याची गरज नाही. ते काम मराठीच्या अभ्यासकांच्याच हातचे आहे, आणि ते पुरेसे झालेले नाही.

ग्रँट डफ यांच्या इतिहासाला नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने १८६० च्या दशकातच साधार टीकेने उत्तर दिले होते. त्या टीकेतून पुढील मराठी इतिहाससंशोधनाला चालना मिळाली. कोशाच्या वाट्याला असे उत्तर आले नाही. कारण तो वादाचा विषय न होता वापराचा विषय झाला. वापरातल्या वस्तूकडे माणूस चिकित्सेने पाहत नाही. १८२९ चा पंडिती कोश आणि १८३१ चा मोल्सवर्थचा कोश यांची नोंदवार तुलना केली, तर शास्त्र्यांनी दिलेल्या अर्थाचे इंग्रजीत काय झाले, कोणती छटा गळाली आणि कोणती नव्याने चिकटली, हे नेमकेपणाने सांगता येईल. १८३१ आणि १८५७ या आवृत्त्यांतील भेद तपासले, तर पाव शतकात मराठी किती बदलली याचे मोजमाप मिळेल. जातिविषयक आणि स्त्रीविषयक नोंदींचा स्वतंत्र अभ्यास झाला, तर त्या काळच्या दोन पूर्वग्रहांची वीण उलगडेल. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद मानणाऱ्या विद्यापीठीय विभागांना ही कामे परकी वाटू नयेत.

प्रारंभी उल्लेखिलेल्या कृतज्ञतेच्या आणि संशयाच्या भूमिका या कोशापुढे एकेकट्या अपुऱ्या पडतात त्याचे कारण आता स्पष्ट व्हावे. हा कोश सत्तेच्या गरजेतून जन्मला, एका परक्या माणसाच्या निष्ठेने वाढला आणि त्यातील शब्दांचे ज्ञान मराठी माणसांचे होते. या तिन्हींपैकी कोणतीही एक गोष्ट दुसरीला खोटे ठरवीत नाही. विद्यार्थ्यांनी मोल्सवर्थचा आधार अवश्य द्यावा. मात्र तो देताना १८२९ मधील त्या शास्त्र्यांची नावेही एकदा उच्चारावीत. कोशात शब्दाच्या अर्थाआधी त्याचे मूळ देण्याची पद्धत आहे. तीच पद्धत कोशालाही लागू करावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.